हान बेन्निंक

हान बेन्निंक (जन्म : १७ एप्रिल १९४२, झांडाम, नेदरलँड्स) हे डच जाझ ड्रमवादक, बहुवाद्यवादक आणि दृश्यकलावंत आहेत. युरोपातील मुक्त उत्स्फूर्त संगीताच्या पहिल्या पिढीतील प्रमुख कलावंतांमध्ये त्यांची गणना होते. १९६० च्या दशकात त्यांनी नेदरलँड्सच्या दौऱ्यावर येणाऱ्या एरिक डॉल्फी, वेस माँटगोमेरी, सॉनी रोलिन्स यांसारख्या अमेरिकन जाझ कलावंतांना साथ केली. १९६७ मध्ये पियानोवादक मिशा मेंगेलबेर्ख आणि सॅक्सोफोनवादक विलेम ब्रॉइकर यांच्यासह त्यांनी 'इन्स्टंट कंपोजर्स पूल' (आयसीपी) ही संस्था स्थापन केली. ठरावीक लय न पाळणारे मुक्त वादन आणि अमेरिकन जाझमधील झुलती लय, अर्थात 'स्विंग', या दोहोंवर त्यांचे सारखेच प्रभुत्व आहे. युरोपातील मुक्त संगीताच्या चळवळीत अनेकांनी अमेरिकन वळणाची लय बाजूला सारली असताना बेन्निंक यांनी ती कधीही सोडली नाही, हे त्यांच्या कारकिर्दीचे मुख्य वैशिष्ट्य मानले जाते.

पार्श्वभूमी

जाझ संगीत विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात आकाराला आले आणि दोन महायुद्धांच्या दरम्यान युरोपात पसरले. दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक अमेरिकन कलावंत युरोपात कार्यक्रम करू लागले. काही तेथेच स्थायिक झाले. आधुनिक जाझ ड्रमवादनाचे एक प्रवर्तक केनी क्लार्क १९५६ मध्ये पॅरिसला राहावयास गेले. दौऱ्यावर येणारा कलावंत पुष्कळदा एकटाच येई आणि पियानो, बास व ड्रम या वाद्यांसाठी त्या त्या देशातील वादक घेतले जात. त्यामुळे स्थानिक वादकांना श्रेष्ठ कलावंतांसोबत वाजवून शिकण्याची संधी मिळाली. मात्र युरोपीय वादकाची गुणवत्ता तो अमेरिकन नमुन्याच्या किती जवळ जातो यावरच मोजली जाई.

या संगीतात ड्रमवादकाचे काम प्रामुख्याने लय सांभाळण्याचे होते. चार मात्रांच्या आवर्तनात उजव्या हाताने मोठ्या झांजेवर झुलती लय धरणे, दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पायाने 'हाय-हॅट' ही जोडझांज मिटणे आणि डाव्या हाताने 'स्नेअर' ड्रमवर अधूनमधून आघात करून मुख्य वादकाला प्रतिसाद देणे, हा त्या वादनाचा गाभा होता. तबल्याच्या ठेक्याप्रमाणेच ही लय संपूर्ण सादरीकरणाला आधार देत असे. हा आधार काढून घेतल्यास ड्रमवादकाने काय करावे, हा प्रश्न १९६० च्या दशकात अमेरिकेत आणि युरोपात जवळपास एकाच वेळी पुढे आला.

बालपण आणि शिक्षण

झांडाम हे ॲम्स्टरडॅमच्या उत्तरेस असलेले औद्योगिक गाव आहे. बेन्निंक यांचा जन्म झाला त्या वेळी नेदरलँड्स जर्मनीच्या ताब्यात होता. त्यांचे वडील वाद्यवृंदातील व्यावसायिक तालवादक होते. घरातील स्वयंपाकघरातली खुर्ची हे आपले पहिले तालवाद्य होते, असे बेन्निंक सांगतात. उत्तरायुष्यात रंगमंचावरही ते खुर्चीचा वाद्य म्हणून उपयोग करीत राहिले. किशोरवयात ते ड्रम आणि क्लॅरिनेट वाजवू लागले. त्यांचे धाकटे बंधू पेटर बेन्निंक हेही पुढे सॅक्सोफोनवादक झाले.

औपचारिक शिक्षणासाठी त्यांनी संगीताऐवजी चित्रकला निवडली आणि ॲम्स्टरडॅममधील कलाविद्यालयात शिक्षण घेतले. वादनाचा व्यवसाय आणि दृश्यकला ही दोन्ही कामे त्यानंतर त्यांनी आयुष्यभर बरोबरीने केली.

कारकीर्द

साथीदार म्हणून सुरुवात

१९६० च्या दशकाच्या प्रारंभी बेन्निंक यांची मिशा मेंगेलबेर्ख (१९३५–२०१७) यांच्याशी गाठ पडली. कीव्ह येथे जन्मलेले मेंगेलबेर्ख हेग येथील राजकीय संगीत विद्यालयात संगीतरचनेचे शिक्षण घेत होते. थेलोनियस मंक या अमेरिकन पियानोवादकाच्या रचनांचा त्यांच्यावर खोल प्रभाव होता. या दोघांचे सहवादन पुढे पन्नासहून अधिक वर्षे चालले.

२ जून १९६४ रोजी हिल्व्हर्सम येथील रेडिओ स्टुडिओत अमेरिकन कलावंत एरिक डॉल्फी यांचे ध्वनिमुद्रण झाले. आल्टो सॅक्सोफोन, बास क्लॅरिनेट आणि बासरी अशी तीन वाद्ये वाजविणाऱ्या डॉल्फी यांना मेंगेलबेर्ख, बासवादक जाक स्खोल्स आणि २२ वर्षांचे बेन्निंक यांनी साथ केली. त्यानंतर चार आठवड्यांच्या आत, २९ जून रोजी, डॉल्फी यांचे बर्लिन येथे वयाच्या ३६ व्या वर्षी निधन झाले. हे ध्वनिमुद्रण 'लास्ट डेट' या नावाने प्रसिद्ध झाले. डॉल्फी यांनी त्यानंतर पॅरिसमध्येही वादन ध्वनिमुद्रित केले असल्याने हे नाव शब्दशः अचूक नाही. तथापि त्यांच्या अखेरच्या काळातील महत्त्वाचा दस्तऐवज म्हणून ही ध्वनिमुद्रिका जगभर ऐकली गेली आणि तिच्यामुळे दोघा तरुण डच वादकांची नावे देशाबाहेर पोहोचली. मंक आणि डॉल्फी यांच्या रचनांबरोबर मेंगेलबेर्ख यांची एक रचनाही तिच्यात आहे.

१९६५ मध्ये बेन्निंक यांनी गिटारवादक वेस माँटगोमेरी यांना पिम याकोब्स यांच्या त्रयीतून साथ केली. डेक्स्टर गॉर्डन, बेन वेब्स्टर व जॉनी ग्रिफिन या सॅक्सोफोनवादकांसोबतही त्यांनी वादन केले. १९६६ मध्ये मेंगेलबेर्ख यांचे चतुष्टय अमेरिकेतील न्यूपोर्ट जाझ महोत्सवात सहभागी झाले; सॅक्सोफोनवादक पीट नोर्डेक आणि बेन्निंक त्या चतुष्टयात होते.

मे १९६७ मध्ये सॉनी रोलिन्स नेदरलँड्समध्ये आले असता बेन्निंक आणि बासवादक रूड याकोब्स यांनी त्यांना साथ केली. या त्रयीत पियानो किंवा गिटार नसल्याने स्वरसंघांचा आधार नव्हता आणि सॅक्सोफोनला उत्तर देण्याची जबाबदारी मोठ्या प्रमाणात ड्रमवर येत होती. ही ध्वनिमुद्रणे 'रोलिन्स इन हॉलंड' या नावाने २०२० मध्ये अधिकृतपणे प्रकाशित झाली. बेन्निंक यांची पारंपरिक लयीवरील पकड त्यांतून स्पष्टपणे ऐकू येते. मुक्त संगीताकडे वळणारे वादक पारंपरिक कौशल्याच्या अभावी तिकडे वळले, असा आक्षेप त्या काळी घेतला जाई. बेन्निंक यांच्या बाबतीत तो लागू पडत नाही.

इन्स्टंट कंपोजर्स पूल

१९६७ मध्येच बेन्निंक, मेंगेलबेर्ख आणि ब्रॉइकर यांनी आयसीपीची स्थापना केली. उत्स्फूर्त वादन ही 'तत्क्षणी केलेली संगीतरचना' आहे, अशी मेंगेलबेर्ख यांची भूमिका होती आणि संस्थेचे नावही तिच्यावरूनच पडले. मेंगेलबेर्ख उत्तम बुद्धिबळ खेळत. समोरच्याची चाल पाहून त्या क्षणी आपली चाल ठरविणे, ही कल्पना त्यांच्या संगीतविचारात वारंवार आढळते.

आयसीपीचे कार्य व्यावहारिक स्वरूपाचेही होते. व्यावसायिक ध्वनिमुद्रण कंपन्यांना अशा संगीतात रस नसल्याने संस्था स्वतःच ध्वनिमुद्रिका काढू लागली. ब्रॉइकर आणि बेन्निंक यांची 'न्यू अकूस्टिक स्विंग ड्युओ' ही तिची पहिली ध्वनिमुद्रिका होय. संस्थेच्या अनेक ध्वनिमुद्रिकांची वेष्टने बेन्निंक यांनी स्वतः रेखाटली. कलावंतांनी आपल्या कलाकृतीच्या प्रकाशनाची सूत्रे स्वतःच्या हाती ठेवण्याचा हा मार्ग पुढे इतर देशांतही अनुसरला गेला. १९६९ पासून बर्लिनमध्ये 'एफएमपी' आणि १९७० पासून लंडनमध्ये 'इन्कस' या कलावंतांच्या पुढाकाराने चालणाऱ्या प्रकाशनसंस्था कार्यरत झाल्या. या दोन्ही संस्थांच्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकांवर बेन्निंक यांचे वादन आहे.

ब्रॉइकर यांचा कल लिखित रचना आणि संगीतनाट्य यांकडे होता. १९७४ मध्ये ते आयसीपीतून बाहेर पडले आणि त्यांनी 'विलेम ब्रॉइकर कोलेक्टीफ' हा स्वतःचा वाद्यवृंद उभारला. त्याच वर्षी ॲम्स्टरडॅममध्ये उत्स्फूर्त संगीतासाठी 'बिमहाउस' हे सभागृह सुरू झाले. व्यावसायिक वादकांच्या संघटनेने लढवून मिळविलेल्या सार्वजनिक अनुदानामुळे या संगीताला नेदरलँड्समध्ये स्थिर व्यासपीठ लाभले.

युरोपीय मुक्त संगीत

मे १९६८ मध्ये जर्मन सॅक्सोफोनवादक पेटर ब्रोट्झमान यांनी ब्रेमेन येथील एका क्लबमध्ये 'मशीन गन' ही ध्वनिमुद्रिका तयार केली. आठ वादकांच्या या संचात तीन सॅक्सोफोन, दोन बास, पियानो आणि दोन ड्रमसंच होते. ड्रमवादकांपैकी एक बेन्निंक, तर दुसरे स्वीडनचे स्वेन-ओके योहान्सन होते. जर्मनी, नेदरलँड्स, बेल्जियम, ब्रिटन आणि स्वीडन अशा पाच देशांतील वादक त्यात एकत्र आले होते. अतिशय तीव्र आणि दाट नादामुळे ही ध्वनिमुद्रिका युरोपीय मुक्त संगीताची एक प्रातिनिधिक कृती ठरली. जुने सर्व नियम मोडण्याचा हा टप्पा होता, असे तिच्यात सहभागी असलेले बासवादक पेटर कोवाल्ड यांनी नंतर म्हटले.

१९७० मध्ये ब्रिटिश वादक एव्हन पार्कर व डेरेक बेली यांच्यासह बेन्निंक यांनी 'द टोपोग्राफी ऑफ द लंग्ज' ही ध्वनिमुद्रिका केली. हीच 'इन्कस'ची पहिली ध्वनिमुद्रिका होती. तिचे स्वरूप 'मशीन गन'पेक्षा वेगळे आहे. येथे सलग गजराऐवजी लहान, तुटक आणि वेगाने बदलणारे नाद आहेत. प्रत्येक वादक दुसऱ्याच्या सूक्ष्मतम हालचालीला प्रतिसाद देतो. गिटारवादक बेली यांच्याबरोबरचे बेन्निंक यांचे युगलवादन पुढेही दीर्घकाळ चालू राहिले.

ब्रोट्झमान, बेल्जियमचे पियानोवादक फ्रेड फान होफ आणि बेन्निंक यांची त्रयी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात युरोपभर गाजली. फान होफ बाहेर पडल्यावर उरलेल्या दोघांनी युगलवादन सुरू ठेवले. १९७७ मध्ये त्यांनी जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्ट या अरण्यात उघड्यावर 'श्वार्त्सवाल्डफार्ट' ही ध्वनिमुद्रिका केली. झाडांचे बुंधे, दगड आणि पाणी यांवर केलेले बेन्निंक यांचे वादन आणि पक्ष्यांसह आसपासचे आवाज तिच्यात ऐकू येतात.

जाझ परंपरेचा पुनर्शोध

१९८० च्या दशकात मेंगेलबेर्ख आणि बेन्निंक यांनी अमेरिकन पियानोवादक व रचनाकार हर्बी निकल्स (१९१९–१९६३) यांच्या रचनांकडे लक्ष वेधले. निकल्स यांना हयातीत फारशी प्रसिद्धी लाभली नव्हती आणि त्यांच्या बहुसंख्य रचना विस्मृतीत गेल्या होत्या. निकल्स यांच्याकडे शिकलेले ट्रॉम्बोनवादक रॉझवेल रड आणि सोप्रानो सॅक्सोफोनवादक स्टीव्ह लेसी यांच्यासह १९८२ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या 'रीजनरेशन' या ध्वनिमुद्रिकेत निकल्स व मंक यांच्या रचना आहेत. 'चेंज ऑफ सीझन' ही ध्वनिमुद्रिका संपूर्णपणे निकल्स यांच्या रचनांना वाहिलेली आहे. आयसीपी वाद्यवृंदानेही या दोन्ही रचनाकारांचे कार्यक्रम सादर केले. एके काळी जाझचे नियम मोडणारे म्हणून ओळखले गेलेले वादकच अशा प्रकारे जाझच्या दुर्लक्षित वारशाचे जतन करणारे ठरले.

क्लॅरिनेट व सॅक्सोफोनवादक मायकेल मूर आणि चेलोवादक एर्न्स्ट रेसेखर यांच्यासह बेन्निंक यांनी 'क्लूझोने त्रयी' स्थापन केली. इटलीतील ज्या गावच्या महोत्सवासाठी हे तिघे एकत्र आले, त्याच्या नावावरून त्रयीचे नाव पडले. १९९० च्या दशकात तिने जुनी लोकप्रिय गाणी, जाझ रचना आणि मुक्त वादन यांची सलग गुंफण असलेले कार्यक्रम केले. अर्व्हिंग बर्लिन यांची गीते आणि पक्ष्यांविषयीची गाणी हे तिच्या दोन ध्वनिमुद्रिकांचे विषय होते.

उत्तरकाळ

बेन्निंक यांनी पुढेही विविध पिढ्यांतील वादकांसोबत काम केले. अमेरिकन पियानोवादक सेसिल टेलर यांच्याबरोबर १९८८ मध्ये बर्लिन येथे झालेले युगलवादन, स्विस पियानोवादिका इरेन श्वाइत्सर आणि अमेरिकन ट्रम्पेटवादक डेव्ह डग्लस यांच्याबरोबरची ध्वनिमुद्रणे ही त्याची उदाहरणे होत. 'द एक्स' या डच पंक-रॉक संचाचे गिटारवादक टेरी एक्स यांच्याशीही त्यांनी युगलवादन केले. वयाच्या पासष्टीनंतर त्यांनी क्लॅरिनेटवादक योआखिम बाडेनहॉर्स्ट आणि पियानोवादक सिमॉन टोल्डॅम या तरुण कलावंतांसह प्रथमच स्वतःच्या नावाची त्रयी उभारली.

मेंगेलबेर्ख यांना अखेरच्या वर्षांत स्मृतिभ्रंशाने ग्रासले आणि त्यांचे रंगमंचावरील वादन थांबले. ३ मार्च २०१७ रोजी त्यांचे ॲम्स्टरडॅम येथे निधन झाले. त्यांच्या माघारी आयसीपी वाद्यवृंदाने त्यांच्या रचनांसह कार्यक्रम चालू ठेवले. ब्रॉइकर यांचे २०१० मध्येच निधन झाले असल्याने संस्थेच्या तीन संस्थापकांपैकी त्यानंतर एकटे बेन्निंक उरले.

वादनशैली

बेन्निंक यांच्या वादनात ड्रमसंच हा स्वतंत्र, बंदिस्त वाद्यप्रकार राहत नाही. सभागृहातील जमीन, भिंती, खुर्च्या, नळ्या, खोकी अशा कोणत्याही वस्तूवर ते वाजवितात. जमिनीवर बसून पाय पसरून रंगमंचाच्या फळ्यांवर काठ्यांनी वादन करणे, ही त्यांची ओळख बनली आहे. पाय उचलून त्याची टाच ड्रमच्या कातड्यावर दाबणे आणि त्यायोगे नादाची उंची बदलणे हे त्यांचे आणखी एक प्रसिद्ध तंत्र आहे. दाब कमीजास्त होताच कातड्यावरील ताण बदलतो आणि एकाच ड्रममधून चढते-उतरते नाद निघतात.

१९७० च्या दशकात ते जगाच्या विविध भागांतील तालवाद्ये, शिंगे, घंटा आणि स्वनिर्मित वाद्ये यांचा मोठा पसारा रंगमंचावर मांडीत. त्याखेरीज क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन, बॅन्जो, व्हायोलिन व पियानो हीही वाद्ये ते वाजवीत. पुढे त्यांनी हा पसारा क्रमशः कमी केला. नंतरच्या काळातील काही कार्यक्रम त्यांनी केवळ एका स्नेअर ड्रमवर केले आहेत. काठ्यांऐवजी तारांचे कुंचले, म्हणजे 'ब्रश', वापरून केलेले त्यांचे मंद व अचूक वादन विशेष नावाजले जाते. केनी क्लार्क यांचे ऋण ते आवर्जून मान्य करतात.

त्यांच्या वादनात अनपेक्षित खंड, मोठा गडगडाट, विनोदी हालचाली आणि सहवादकाच्या कामात मुद्दाम आणलेला व्यत्यय यांचा समावेश असतो. याविषयी समीक्षकांत मतभेद आहेत. रंगमंचावरील त्यांच्या करामतींमुळे संगीतावरचे लक्ष उडते आणि हळू आवाजाची वाद्ये त्यांच्या गजरात बुडून जातात, असा एक आक्षेप आहे. दुसऱ्या मतानुसार हा व्यत्यय संगीतविचाराचाच भाग आहे. सहवादकाला सवयीच्या मार्गावरून ढकलल्याशिवाय त्या क्षणाची नवी रचना घडत नाही, असे या मताचे समर्थक म्हणतात. मेंगेलबेर्ख आणि बेन्निंक यांच्या युगलवादनात हे ठळकपणे जाणवे. मेंगेलबेर्ख संथ, अलिप्त आणि मोजके वाजवीत. बेन्निंक त्यांच्याभोवती अखंड हालचाल करीत. एकमेकांचे न ऐकल्याचा आव आणणारे हे वादन प्रत्यक्षात अतिशय सावध श्रवणावर आधारलेले होते.

दृश्यकला

बेन्निंक यांची रेखाटने, चित्रे, चिकटचित्रे आणि सापडलेल्या वस्तूंपासून केलेल्या शिल्पवजा रचना प्रदर्शनांतून मांडल्या गेल्या आहेत. आयसीपीची वेष्टने, भित्तिपत्रके आणि जाड रेषेतील हस्ताक्षर यांमुळे संस्थेला स्वतंत्र दृश्य ओळख मिळाली. टाकाऊ वस्तूला नवा उपयोग देण्याची वृत्ती त्यांच्या चित्रांत आणि वादनात समान आहे.

सन्मान

१९६७ मध्ये बेन्निंक यांना डच जाझ क्षेत्रातील वेसेल इल्केन पारितोषिक प्रदान करण्यात आले. हे पारितोषिक १९५७ मध्ये अकाली निधन पावलेले डच ड्रमवादक वेसेल इल्केन यांच्या स्मरणार्थ दिले जात असे.

प्रभाव

बेन्निंक यांच्या पिढीपूर्वी युरोपीय जाझ वादकासमोर दोन मार्ग होते असे मानले जाई : अमेरिकन शैलीचे निष्ठेने अनुकरण करणे किंवा तिच्याशी नाते तोडून नवे संगीत निर्माण करणे. बेन्निंक यांनी यांपैकी कोणताही एक मार्ग स्वीकारला नाही. त्यांच्या मुक्त वादनाच्या मध्येच काही क्षण शुद्ध स्विंग अवतरते आणि पारंपरिक गाण्याच्या साथीत अचानक मुक्त वादनाचा स्फोट होतो. आयसीपीच्या सहवासात घडलेल्या डच वादकांच्या पुढील पिढ्यांनी हा दृष्टिकोन आत्मसात केला. रचना व उत्स्फूर्तता, गांभीर्य व विनोद आणि जुनी गाणी व नवे नाद यांना एकाच कार्यक्रमात स्थान देणे, ही डच उत्स्फूर्त संगीताची ओळख बनली. ड्रमवादनाच्या क्षेत्रात साथीदार आणि स्वतंत्र कलावंत यांमधील सीमारेषा पुसट करण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

निवडक ध्वनिमुद्रिका

(वर्ष ध्वनिमुद्रणाचे)

• लास्ट डेट – एरिक डॉल्फी यांच्यासह (१९६४)
• रोलिन्स इन हॉलंड – सॉनी रोलिन्स यांच्यासह (१९६७, प्रकाशन २०२०)
• न्यू अकूस्टिक स्विंग ड्युओ – विलेम ब्रॉइकर यांच्यासह (१९६७)
• मशीन गन – पेटर ब्रोट्झमान यांच्यासह (१९६८)
• द टोपोग्राफी ऑफ द लंग्ज – एव्हन पार्कर व डेरेक बेली यांच्यासह (१९७०)
• नर्व्ह बीट्स – एकलवादन (१९७३, प्रकाशन २०००)
• श्वार्त्सवाल्डफार्ट – पेटर ब्रोट्झमान यांच्यासह (१९७७)
• रीजनरेशन – रॉझवेल रड, स्टीव्ह लेसी, मिशा मेंगेलबेर्ख व केंट कार्टर यांच्यासह (१९८२)